चारही चाके जाम झाली म्हणजे ब्रेक जुळले असे नाही

महोदय,

फॉर्म्युला भारत, बाहा यांसारख्या स्पर्धांसाठी आपल्या राज्यातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी दरवर्षी स्वतः गाड्या बांधतात. फॉर्म्युला भारतच्या ब्रेक चाचणीत चारही चाके जाम होऊन गाडी सरळ रेषेत थांबावी लागते. पुढची चाके आधी की मागची, हे तिथे पाहिले जात नाही. त्यामुळे मागची चाके जाम होत नसली की आयत्या वेळी बॅलन्स बार (पेडलचा जोर पुढच्या व मागच्या ब्रेकमध्ये वाटणारा दांडा) मागच्या बाजूला फिरवायचा, चाचणी उत्तीर्ण झाल्याचा स्टिकर मिळवायचा आणि बार तसाच ठेवून एन्ड्युरन्सला (लांब पल्ल्याच्या शर्यतीला) उतरायचे, असे सर्रास घडते. मग पहिल्याच जोरकस ब्रेकला वळणाच्या तोंडाशी गाडी गरकन फिरते. जाम झालेल्या टायरची आडवी पकड संपते. ती मागच्या टायरची संपली तर चालकाच्या हातात काहीच उरत नाही. पुढची संपली तर गाडी निदान सरळ जाते आणि पाय किंचित सैल केला की स्टिअरिंग परत मिळते. म्हणून पुढची चाके मागच्यांच्या जराशी आधी जाम व्हायला हवीत.

हिशेब सोपा आहे. चालकासह 300 किलोची गाडी, भार पुढे 45 व मागे 55 टक्के, गुरुत्वमध्य 30 सेंमी उंचीवर, व्हीलबेस (पुढच्या व मागच्या अक्षांतले अंतर) 1.55 मीटर. कोरड्या ट्रॅकवर 1.4 जी (गुरुत्वत्वरणाच्या 1.4 पट) मंदन मिळाले तर सुमारे 81 किलो भार पुढे सरकतो. पुढच्या चाकांवरचा 135 किलोचा भार 216 होतो, म्हणजे 72 टक्के. पावसात 0.7 जीच मिळाले तर हाच वाटा 59 टक्क्यांवर येतो.

एवढी तफावत एकट्या बॅलन्स बारने भरून निघत नाही, आणि काढूही नये. मूळ वाटणी कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिस्टनने, डिस्कच्या व्यासाने आणि मास्टर सिलिंडरच्या (पेडलच्या जोराने तेलाचा दाब तयार करणाऱ्या सिलिंडरच्या) मापाने ठरवायची; बार शेवटच्या जुळवणीसाठी ठेवायचा. पुढच्या सर्किटला (ब्रेक तेलाच्या मार्गाला) 5/8 इंची आणि मागच्याला 0.7 इंची सिलिंडर लावला, तर बार मध्यावर असताना पुढे 50 बार (हे दाबाचे एकक) दाब येईल तेव्हा मागे 40 येतो. दोन पुशरॉडमधले (बारकडून सिलिंडर दाबणाऱ्या दांड्यांमधले) अंतर 65 मिमी असेल आणि बारला 3/8 इंची, 24 आट्यांचा थ्रेड असेल, तर पुढच्या बाजूला तीन फेरे दिल्यावर मागचा दाब 33 बारपर्यंत उतरतो. बार टोकाला नेल्याशिवाय जमतच नसेल, तर सिलिंडर बदला.

हे आकडे कागदावर मानून चालत नाही. पुढच्या आणि मागच्या एकेका कॅलिपरच्या ब्लीड निपलच्या (हवा काढायच्या तोटीच्या) जागी 0 ते 100 बारचे गेज लावा, हवा पूर्ण काढा आणि पेडल हळूहळू दाबत पुढचा दाब 20, 40, 60 बार होईल तेव्हा मागचा लिहून घ्या. गुणोत्तर तिन्ही वेळा सारखे हवे. दाब वाढताना ते बदलत असेल, तर बार तिरका होऊन क्लेव्हिस (बार आणि पुशरॉड जोडणारा भाग) पेडलच्या नळीला अडकते आहे किंवा एखाद्या सर्किटमध्ये हवा राहिली आहे. पुशरॉडची लांबी अशी ठेवा की पेडल पूर्ण दाबलेले असताना बार पुशरॉडना काटकोनात येईल. पेडल मोकळे असताना तो थोडा तिरका दिसला तरी हरकत नाही. नंतर एका सर्किटचे निपल मुद्दाम उघडून पेडल दाबा. ते तळाला टेकण्याआधी दुसऱ्या सर्किटमध्ये दाब यायलाच हवा. ही तपासणी सर्वांत जास्त टाळली जाते आणि जीव तिच्यावरच अवलंबून असतो.

ट्रॅकवरची चाचणी नवे पॅड डिस्कवर घासून बसल्यानंतर, टायर गरम असताना घ्या. टायरच्या बाजूला खडूची जाड रेघ ओढा, 50 किमी वेगाने सरळ येऊन ब्रेक मारा आणि बाजूने स्लो मोशन चित्रण करा. कोणती रेघ आधी थांबली ते स्वच्छ दिसते. एका वेळी अर्धाच फेरा द्या, नंतर लॉकनट आवळा. पेडलजवळ ‘पुढे’ आणि ‘मागे’ असे बाण रंगवून ठेवा, कारण घाईत बार उलटा फिरवला जातोच.

ऑटोक्रॉससाठी (शंकू मांडलेल्या मार्गावरच्या वेळेच्या शर्यतीसाठी) साध्या हॅचबॅक उतरवणाऱ्यांनाही एक सांगावेसे वाटते. एबीएसचा (चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) फ्यूज काढला की सहसा त्यासोबत मागचा दाब आवरणारी यंत्रणाही बंद पडते आणि मागची चाके आधी जाम होऊ लागतात. तिथे दाब मर्यादित ठेवणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लागतो, तोही फक्त मागच्या लाइनवर. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत ब्रेकची सर्किट कर्णरेषेत विभागलेली असतात. त्यामुळे अशा गाडीला मागच्या दोन लाइनसाठी दोन सारखे व्हॉल्व्ह हवेत.

स्पर्धेच्या नियमांनुसार तांत्रिक तपासणीनंतरही ब्रेकचा समतोल बदलायला परवानगी आहे. मार्गदर्शक प्राध्यापकांनी कोरड्या आणि ओल्या ट्रॅकसाठी बारचे फेरे व दोन्ही गेजचे आकडे महाविद्यालयातच लिहून घ्यावेत आणि तो कागद लॅमिनेट करून गाडीच्या टूलबॉक्समध्ये ठेवायला सांगावा, ही विनंती.

— एक ब्रेक अभियंता, चिंचवड