शाळेच्या पाहणीसाठी रविवारी पालकांची बैठक

सर्व पालकांनी रविवारी सकाळी 9 वाजता पटांगणातल्या कडुनिंबाखाली जमावे. शाळेचे चांगले-वाईट लिहून मुख्याध्यापकांना द्यायचे आहे. गणिताचे सर शाळा सुटल्यावरही वह्या तपासत बसतात, हे सर्वांत आधी लिहू. प्रयोगशाळेला मात्र कुलूप आहे. दहावीच्या मुलांनी परीक्षानळी हातातसुद्धा धरलेली नाही, आणि विज्ञानात प्रात्यक्षिकाचे 20 गुण असतात! नागपूरच्या उन्हात वर्गातले पंखे बंद, हेही नोंदवावे. ऐकीव सांगू नका, गुणपत्रिकेची झेरॉक्स आणा. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला असतात, म्हणून आयांनी नक्की यावे.