घर आहे तसंच काढा म्हणणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

भूमापन खात्यातली नोकरी संपली तरी तुमच्या दारात फायली येणं थांबलं नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात नकाशे काढणाऱ्या आम्हा मुला-मुलींना तुम्ही एक अवघड काम शिकवलंत: परवानगी न घेता बांधून झालेलं घर कागदावर कसं आणायचं, आणि कुठे ते येणारच नाही हे कसं ओळखायचं. त्याबद्दल मनापासून आभार. पत्र उघडं लिहितोय, कारण यातलं बरंचसं घरमालकांनाही कळायला हवं.

फाईल हातात आली की तुम्ही आधी जमीन बघता. घर पालिकेच्या हद्दीत आहे, पंचायतीच्या, की कॅन्टोन्मेंटच्या? कॅन्टोन्मेंटला २००६ चा वेगळा कायदा लागू. तिथे पालिकेच्या नियमांचा काही उपयोग नाही. बुडाच्या, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या, नियोजन हद्दीतलं गाव असेल तर पंचायतीचा एकटा कागद पुरत नाही. मग उतारा. जमीन एन.ए. (बिगरशेती) झाली आहे का, म्हणजे कर्नाटक भूमहसूल कायदा १९६४ च्या कलम ९५ खाली आदेश आहे का? एन.ए. चा आदेश वेगळा, ले-आउटची (प्लॉटच्या आखणीची) मंजुरी वेगळी. एक दाखवून दुसरी झाली असं कुणी सांगत असेल तर फाईल तिथेच अडणार. जमीन सरकारी असेल तर वाटच निराळी. गावात त्याच कायद्याचं कलम ९४सी, शहरात ९४सीसी, अर्ज तहसीलदारांकडे.

सगळ्यात जास्त घरं अडकतात ती गुंठ्यांवर घेतलेल्या जागेत. खरेदीखतात दोन गुंठे, म्हणजे २१७८ चौरस फूट, स्पष्ट लिहिलेले असतात. पण उतारा सामाईक, त्यावर दहा-बारा नावं, आणि कुणाचे गुंठे नेमके कुठे हे दाखवणारा नकाशाच नाही. अशा वेळी घराचा प्लॅन कितीही सुबक काढला तरी तो जमिनीवर बसवायचा कुठे? आधी ११ई नकाशा (आपला हिस्सा मोजून वेगळा दाखवणारा), त्यासाठी बाकीच्या हिस्सेदारांची संमती, सोबत ईसी (बोजा-दाखला) काढून जागेवर बोजा नाही याची खात्री. एवढं झाल्यावरच टेप घ्यायची, ही शिस्त तुमची.

टेप कशी धरायची तेही तुम्हीच शिकवलंत. चार बाजू मोजून क्षेत्र ठरत नाही, एक तिरपं माप हवंच. ३० बाय ४० च्या प्लॉटचं तिरपं ५० फूट आलं तर कोपरा काटकोनात आहे आणि क्षेत्र १२०० भरतं. तेच ४५ आलं तर चारही बाजू तेवढ्याच असून क्षेत्र ११७६ वर येतं. चोवीस चौरस फूट कागदावर जास्त दाखवले की पुढचं सगळं गणित चुकतं. सेटबॅक, म्हणजे घराभोवती सोडायची मोकळी जागा, मोजायचा तो गिलाव्याच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून हद्दीपर्यंत, आणि जागा सर्वात अरुंद असेल तिथे. तळमजल्याला जागा सुटलेली दिसते, पण वरचा स्लॅब दोन फूट बाहेर आलेला असतो. म्हणून स्लॅबच्या कडेवरून ओळंबा सोडायचा आणि तो टेकतो तिथून मोजायचं. जिना, बाल्कनी, गच्चीवरची खोली, सेप्टिक टँक यातलं काहीही वगळायचं नाही. जुन्या गल्लीतल्या घरात सामाईक भिंत असेल तर तिची जाडी नकाशात धरण्याआधी शेजाऱ्यांशी बोलून लेखी घ्यायचं.

तुमचं मुख्य सांगणं एकच: घर आहे तसंच काढा. नियमात बसेल असं घर कागदावर काढून द्या, असा आग्रह कितीतरी मालक धरतात. जागेवर तपासणी झाली की भिंत नकाशाच्या बाहेर सापडते आणि मग सेटबॅकच्या त्रुटीत खोट्या नकाशाची भर पडते. तुम्ही आधी आहे ते घर काढायला लावता, मग त्याच कागदावर पाडायचा भाग पिवळ्या रेघांनी आणि नवं काम लाल रंगात दाखवायला. शेजारी एक तक्ता: किती सोडायला हवं, किती सोडलं, किती टक्के कमी. १ मीटर हवं आणि ०.६ सुटलं असेल तर कमतरता ४० टक्के. हा आकडा दिसला की मालकालाही कळतं, छज्जा कापून भागेल की खोलीला हात लावावा लागेल.

अक्रम-सक्रमबद्दल, म्हणजे बेकायदा बांधकाम दंड घेऊन नियमित करायच्या कर्नाटक सरकारच्या योजनेबद्दल, तुम्ही स्पष्ट बोललात, त्याबद्दल वेगळे आभार. नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या कलम ७६एफएफ खालचे २०१४ चे नियम राहत्या घरांना ५० टक्क्यांपर्यंत आणि इतर बांधकामांना २५ टक्क्यांपर्यंतचं उल्लंघन दंड भरून नियमित करू देणार होते. त्यांची मुदत १९ ऑक्टोबर २०१३ पर्यंतच्या बांधकामांची. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. तरीही ‘सक्रम करून देतो’ म्हणत पैसे घेणारे फिरतात. घरपट्टीची पावती, ‘बी खाते’ किंवा ई-स्वत्तूचा (पंचायतीच्या ऑनलाइन मिळकत नोंदीचा) ११ब हे कागद करासाठीची नोंद आहेत, बांधकामाची परवानगी नव्हे, हे तुम्ही प्रत्येकाला न कंटाळता सांगता. १७ डिसेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तर पूर्णत्वाचा दाखला नसेल तर वीज आणि पाण्याची जोडणीही अडू शकते.

नोटीस येते कन्नडमध्ये. घरात ती वाचणारं कुणी नसतं आणि घाबरून ती कपाटात ठेवली जाते. तुम्ही ती ओळीओळीने मराठीत सांगता आणि तीन गोष्टी खाली लिहून देता: कोणतं कलम, कोणती तारीख, किती दिवसांत उत्तर. महापालिकेच्या हद्दीत १९७६ च्या कर्नाटक महापालिका कायद्याच्या कलम ३२१ खाली आधी तात्पुरता आदेश आणि म्हणणं मांडायची संधी असते, कायम आदेश त्यानंतर. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ ला पाडकामाआधी किमान १५ दिवसांची नोटीस सक्तीची केली आहे, पण रस्ता, फूटपाथ, नदी-नाल्यातल्या बांधकामाला ते संरक्षण नाही. उत्तर लेखीच द्यायचं आणि प्रतीवर आवक नंबर व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

नावांचंही तसंच. ज्ञानेश्वर हे नाव आधारवर एक, खरेदीखतात दुसरं आणि उताऱ्यावर कन्नडमध्ये तिसरंच झालेलं असतं. हे अर्ज भरण्याआधी दुरुस्त करायचं, कारण नंतर संपूर्ण फाईल परत येते.

आणि काका, ‘हे होणार नाही’ हे वाक्य तुम्ही समोरच्याला बसवून, पाणी देऊन सांगता. बळ्ळारी नाल्याच्या पात्राला लागून बांधलेल्या घराला किंवा रस्तारुंदीच्या आखणीत आलेल्या खोलीला खोटी आशा दिली नाहीत. त्या माणसाचे पुढचे पैसे वाचले, आणि आम्हाला नाही म्हणायचं धैर्य आलं.

तुमच्या सांगण्यावरून केलेली तपासणी यादी आणि कन्नड-मराठी कचेरी शब्दांची वही सोबत पाठवतोय. १ टक्का कामगार उपकराची नोंद नव्याने घातली आहे. स्वतःच्या राहत्या घराचा खर्च ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर तो लागत नाही, तेही लिहिलंय. चुकलं असेल तिथे लाल पेनाने खूण करा. गुडघ्याला जपा, दगदग करू नका. फायली घेऊन आता आम्हीच घरी येऊ.

आपले नम्र,
तुमच्याकडे शिकलेले नकाशेवाले