वैनगंगेचंही एक म्युझियम पाहिजे

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गोसेखुर्द धरणाच्या पाण्यावर पर्यटन होणार, बोटी येणार अशा बातम्या पेपरात वाचतो, आंभोऱ्याला वैनगंगेवर पूल झाला तर त्याच्यावरची गॅलरी पाहायला सुट्टीच्या दिवशी ही गर्दी असते. चांगलंच आहे, चार लोक आले तर चहा-नाश्त्याचं दुकान चालेल, पोट्ट्यांना गावातच काम भेटेल. पण ज्या नदीपायी हे सगळं होऊन राहिलं तिची माहिती सांगणारी एक खोलीसुद्धा कोणी मागत नाही म्हणून हे पत्र लिहितो. वैनगंगेचं म्युझियम आणि त्यातच नदीतल्या माशांचं मत्स्यालय आंभोऱ्याला नाहीतर पवनीला झालं पाहिजे, आणि ते आम्हा मासे धरणाऱ्या ढिवर लोकांना सोबत घेऊन झालं पाहिजे.

हे डोक्यात आलं ते अमेरिकेत. मुलगा शिकागोकडे नोकरीला आहे, आम्ही नवराबायको त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा सून-नातवासकट सगळे गाडीने डुब्यूक नावाच्या गावाला गेलो. आयोवा राज्यात मिसिसिपीच्या काठावरचं गाव, वस्तीने आपल्या भंडाऱ्याहून लहानच, पण तिथल्या जिल्ह्याच्या इतिहास मंडळाने २००३ साली मिसिसिपी नदीचं म्युझियम आणि मत्स्यालय उघडलंय. सरकारी खात्याने नाही, इतिहासाची आवड असणाऱ्या लोकांच्या संस्थेने, हे मला सगळ्यात जास्त भावलं.

आत मोठ्या काचेच्या टाक्या आणि त्यात नदीतलेच मासे. समुद्रातले रंगीत मासे तर कुठेही दिसतात, इथे मिशीवाले मातकट कॅटफिश, चोचीसारखं तोंड असलेला गार, वल्ह्यासारख्या नाकाचा पॅडलफिश. माझी बायको टाकीपासून हलेच ना, म्हणे, "अवो, हा तं आपल्या मागुराचा आजा दिसते!" धक्क्याला एक जुनी वाफेवरची बोट बांधून ठेवली आहे, विल्यम ब्लॅक नाव, १९३४ ची, दोन्ही बाजूला मोठाली चाकं, नदीतला गाळ उपसायचं काम करायची. भंगारात न घालता तिला जपली, लोक तिच्यावर चढून इंजिन पाहतात.

पण माझ्या डोक्यातून जात नाही तो एक शिंपला. तळहाताएवढा, आतून चमकणारा, आणि त्याला गोल गोल भोकं पाडलेली, चाळणीच जशी. नातवाने विचारलं हे काय, तर सुनेने वाचून सांगितलं की यातून शर्टाची बटणं कापायचे. त्याच नदीवर खाली मस्कॅटीन नावाचं गाव आहे, १८९१ च्या सुमाराला एका जर्मन कारागिराने तिथे शिंपल्यापासून बटणं करायचा धंदा सुरू केला, मग इतके कारखाने झाले की ते गाव बटणांसाठी जगात नावाजलं. माणसांनी नदीतून शिंपले उपसून उपसून काढले, ते कमी होत गेले, पुढे प्लास्टिकचं बटण आलं अन् धंदाच बसला. एका शिंपल्यावरून अख्खी गोष्ट लेकराला समजली, पुस्तकाची गरजच नाही पडली.

अजून एक गोष्ट आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलाववाल्यांनी ऐकण्यासारखी आहे. सिल्वर कार्प, बिगहेड कार्प हे आशियातले मासे तिकडच्या लोकांनी १९७० च्या दशकात तळी साफ ठेवायला म्हणून आणले, ते निसटून मिसिसिपीत गेले आणि आता तिथल्या मूळ माशांचं खाणं तेच खाऊन टाकतात, सरकार ते काढायला पैसा घालते. अन् आपण? सिल्वर कार्प, ग्रास कार्प, सायप्रिनस (कॉमन कार्प) यांचं बीज तलावात सोडतो कारण ते भरभर वाढतात, पण त्यापायी अन् बाकीच्या कारणांनी आमच्या बापाच्या जाळ्यात यायचे ते कितीतरी लहान देशी मासे आता बाजारात दिसत नाहीत. नव्या पोट्ट्यांना त्यांची नावंही सांगता येत नाहीत, विचारून पाहा.

आपल्या नदीजवळ दाखवायला काय कमी आहे? शिवनी जिल्ह्यात उगम, बालाघाट, गोंदिया, भंडारा करत चपराळ्याला वर्धा नदीला भेटते आणि पुढे प्राणहिता होऊन गोदावरीत जाते. पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये खोदकाम झालं, जुना बौद्ध स्तूप निघाला. खाली मार्कंड्याचं देऊळ आहे. कोहळी लोकांनी बांधलेले तलाव आहेत. १९८८ साली राजीव गांधींनी गोसेखुर्दची पायाभरणी केली, ३३ दारांचं धरण झालं, त्यात गावं गेली, त्या गावांचे देव, पार, विहिरी, घाट सगळं पाण्याखाली गेलं. त्या गावांचे फोटो अजून म्हाताऱ्यांच्या पेटीत आहेत. ते एका जागी लावले तर पुनर्वसनातल्या पोरांना आपला आजा कुठे राहत होता ते तरी दिसेल.

ऑगस्ट २०२० चा पूर घ्या. पाणी कुठपर्यंत चढलं होतं ते लोक भिंतीवरच्या डागावरून दाखवायचे, घराला रंग मारला की डाग गेला. म्युझियममध्ये एक खांब उभा करून पुराची पातळी कायमची लिहून ठेवता येईल. डुब्यूकनेही १९६५ साली मोठा पूर पाहिला, नंतर नदीकाठी भिंत बांधली, म्हणजे पुराची आठवण ठेवली तर पुढचं कामही सुचते.

आणि दोन टाक्या शेजारी शेजारी ठेवा, एकात वरच्या अंगाचं वैनगंगेचं पाणी, दुसऱ्यात नाग नदीतून कन्हानमार्गे येणारं सांडपाणी जिथे मिसळते तिथलं पाणी. भाषण द्यायची गरज नाही.

पैसा लागेल हे मान्य, डुब्यूकसारखं एकदम होणार नाही. सुरुवात दोन खोल्या आणि चार टाक्यांपासून करा. मरळ, वाम, मागूर, झिंगे आम्ही आणून देऊ, टाकीतल्या माशांची देखभाल करायला ढिवरांची शिकलेली पोरं घ्या, तिकिटावर आणि झाडलोटीवरच ठेवू नका. जाळं कसं विणतात, पाण्याचा रंग पाहून मासा कुठे बसला ते कसं ओळखतात हे सांगणारी म्हातारी माणसं अजून आहेत, पण त्यांच्यातले दरवर्षी काही जातात, म्हणून त्यांचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवायचं काम तर कॉलेजची पोरं आजपासूनच करू शकतात, त्याला मंजुरी लागत नाही.

आमच्या घरी आजाचा लाकडाचा डोंगा गोठ्याच्या मागे पडून आहे. म्युझियम होणार असेल तर तो मी फुकट देतो, अजूनही कोणाकडे जुनी जाळी, डोंगे, बुडालेल्या गावांचे फोटो असतील त्यांनी विकू नये, जाळू नये. गोसेच्या पर्यटनाच्या आराखड्यात नदीच्या म्युझियमची जागा आत्ताच धरावी, नंतर हॉटेल अन् पार्किंग झाल्यावर जागा उरत नाही, एवढं आपल्या पेपरातून जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांपर्यंत अन् आमदार-खासदारांपर्यंत पोचवा ही विनंती.

आपला,
एक वाचक, ता. पवनी, जि. भंडारा