दान किबुत्झविषयी, चि. मृण्मयीस

चि. मृण्मयी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

सिंचनाच्या पुस्तकांत इस्राएलचे नाव वारंवार येते, पण सिंचनाची साधने घडवणाऱ्या तिथल्या वसाहतींविषयी एखादीच ओळ असते, असे तू परवा फोनवर म्हणालीस. म्हणून आपल्या जळगावशी थेट संबंध आलेल्या दान किबुत्झची, म्हणजे दान नावाच्या सामाईक मालकीच्या शेतवसाहतीची, हकीकत लिहीत आहे.

मे 1939 मध्ये, ब्रिटिशांच्या ताब्यातील पॅलेस्टाइनच्या अगदी उत्तर टोकाला, रुमानियाच्या ट्रान्सिल्व्हेनिया भागातून आलेल्या ज्यू तरुणांनी हे किबुत्झ वसवले. लाकडी फळ्यांच्या दोन भिंतींमध्ये खडी भरून कोट करायचा, मध्ये टेहळणीचा मनोरा उभारून त्यावर शोधदिवा बसवायचा आणि हे सारे एका दिवसात उरकायचे, अशी तेव्हाची रीत होती. लेबनॉन आणि सीरिया, दोन्हींची हद्द हाकेच्या अंतरावर. जवळच्या खिसास या अरब गावावर डिसेंबर 1947 मध्ये ज्यू सशस्त्र दलाने हल्ला केला, त्यात मुलेही मारली गेली, आणि उरलेल्या कुटुंबांना 1949 मध्ये रात्रीतून ट्रकमध्ये घालून दूर नेऊन सोडण्यात आले. हे गाळून त्या भागाचा इतिहास लिहू नये, असे माझे ठाम मत आहे.

सरहद्दीवरच्या त्या जागेचे खरे मोल पाण्यात आहे. हर्मोन पर्वतावरचे बर्फ वितळून खडकात मुरते आणि दानजवळ झऱ्यांतून उसळून वर येते. वर्षाला सुमारे 24 कोटी घनमीटर पाणी देणारी ही दान नदी जॉर्डनच्या उगमप्रवाहांत सर्वांत मोठी. नोव्हेंबर 1964 मध्ये या झऱ्यांजवळच्या गस्तीच्या रस्त्यावरून चकमक पेटली, तेव्हा सीरियाच्या तोफांचे गोळे दानवरही पडले. जून 1967 मध्ये सीरियाच्या सैन्याने पुन्हा तेथे हल्ला केला, तो परतवला गेला.

किबुत्झचे अर्थकारण तुला आपल्या सहकारी साखर कारखान्यासारखे वाटेल, पण फरक मोठा आहे. आपल्याकडे जमीन ज्याची त्याची राहते आणि फक्त कारखाना सामाईक असतो. तेथे जमीन, घर, कारखाना, मिळकत सगळेच सामाईक होते, आणि काम कोणतेही असो, कुटुंबाला गरजेप्रमाणे मिळे. केवळ शेतीवर सर्वांचे भागेना, म्हणून अनेक किबुत्झांनी कारखाने काढले. दानने तुषार सिंचनाची साधने बनवली. पुढे तो उद्योग नआन किबुत्झच्या उद्योगाशी जोडला जाऊन 'नानदान' झाला. 2007 मध्ये जळगावच्या जैन इरिगेशनने त्यातील निम्मा आणि 2012 मध्ये उरलेला हिस्सा घेतला. ज्या झऱ्यांसाठी तोफा चालल्या, त्यांच्या काठचा उद्योग केळीच्या मुलखातल्या कंपनीने घ्यावा, याचे मला आजही अप्रूप वाटते.

मधल्या काळात किबुत्झांवर मोठे संकट आले. 1980 नंतरच्या दशकात इस्राएलमध्ये महागाई बेसुमार वाढली, किबुत्झांनी भरपूर कर्जे काढली, आणि 1985 च्या आर्थिक योजनेने महागाई आटोक्यात आणली तेव्हा चढ्या व्याजाने ती कर्जे डोईजड झाली. त्यानंतर बहुतेक किबुत्झांनी कामाप्रमाणे वेगवेगळा पगार स्वीकारला. समतेचे ते स्वप्न विरोधकांनी मोडले नाही, व्याजाने मोडले, असे मला वाटते. तू उद्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीत काम करशील, तेव्हा आधी तिच्या कर्जाचा ताळेबंद पाहा.

दानमध्ये आज मत्स्यशेतीही आहे. नदीच्या थंडगार वाहत्या पाण्यावर स्टर्जन मासे वाढवून त्यांची अंडी कॅव्हिअर म्हणून निर्यात होतात. मादी अंड्यांवर यायला अनेक वर्षे लागतात, म्हणजे भांडवल तितकी वर्षे पाण्यातच अडकून राहते.

ऑक्टोबर 2023 मध्ये लेबनॉनमधील हिजबुल्ला या सशस्त्र संघटनेचा मारा सुरू झाल्यावर दान रिकामे करण्यात आले. पलीकडे दक्षिण लेबनॉनमधील गावेही ओस पडली, आणि युद्धविराम व्हायला नोव्हेंबर 2024 उजाडला. अशा वेळी बागेचे पाणी दूरवरून सोडता येते, पण तोडणीला माणूस लागतो; आणि माशांच्या तलावातले पाणी एक दिवसही थांबवता येत नाही. सरहद्दीवर गुंतवणूक करणाऱ्याला हा हिशेब आधीच मांडावा लागतो. तुझ्या प्रकल्प अहवालात जोखमीच्या प्रकरणात तो अवश्य घाल.

तुझी आई आशीर्वाद सांगते. प्रकृतीस जप.

तुझे बाबा