रिकाम्या डब्याचे पाच पाउंड

बर्मिंगहॅम, रविवार

ती. आई आणि आण्णांना सा. नमस्कार,

मी मजेत आहे. थंडीची काळजी करू नका, घर उबदार आहे. जेवणही वेळेवर होतं. परवा गॅसवर वांगी भाजून भरीत केलं. बामणोदच्या वांग्याची चव नाही, पण भागतं.

रिकाम्या डब्याला पाच पाउंड घातले म्हणून तुम्ही नाराज आहात, असं ताई म्हणाली. ते नीट सांगते. इथे रविवारी सकाळी लोक मोकळ्या मैदानात गाड्या लावतात, डिकी उघडतात, समोर घडीचं टेबल मांडतात आणि घरातलं जुनंपानं विकतात. भंगारवाले नव्हेत, चांगले पेन्शनवाले आजी-आजोबा! त्यात चॉकलेटचे रिकामे डबे असतात. आतलं कधीच कोणी खाऊन टाकलेलं, तरी डब्याला गिऱ्हाईक असतं. झाकण उघडून गंज बघतात, आतला कागद शाबूत असला तर जास्त देतात. भाव करतात, तोही हळू आवाजात, आणि शेवटी दोघंही एकमेकांचे आभार मानतात.

माझा डबा कॅडबरीच्या बोर्नव्हिल कोकोचा. आई, ही माणसं तुला आवडली असती. जॉन कॅडबरींनी 1824 मध्ये इथल्या बुल स्ट्रीटवर दुकान काढलं. क्वेकर नावाच्या शांततावादी ख्रिस्ती पंथाचे होते. लोकांनी दारू सोडून चहा, कोको प्यावा ही तळमळ. मुलांनी 1879 मध्ये कारखाना शहराबाहेर बोर्नव्हिलला नेला. पुढे तिथे बागांची घरं उभी राहिली, पण दारूचा गुत्ता येऊ दिला नाही. त्यांचा रिचर्ड स्वतः चित्रं काढायचा. 1868 पासून चॉकलेटच्या खोक्यांवर चित्रं आली आणि खोकी रिकामी झाली तरी लोक जपून ठेवू लागले.

एका टेबलावर 1900 सालचा डबा होता. तो महाग, नुसता बघितला. दक्षिण आफ्रिकेत लढणाऱ्या शिपायांना व्हिक्टोरिया राणीने नववर्षाला चॉकलेट पाठवलं होतं. बनवणारे कॅडबरी, फ्राय आणि राउंट्री, तिघंही क्वेकर, लढाईच्या विरोधात. त्यांनी पैसे घेतले नाहीत, डब्यावर आपलं नावही नको म्हणाले. कित्येक शिपायांनी ते चॉकलेट न खाता डबा तसाच घरी पाठवला. हे ऐकलं आणि मला तिथेच भरून आलं. म्हणून माझा डबा घेतला, उधळपट्टी म्हणून नाही.

साठ हजार सोमवारी टाकते. आण्णा, सोसायटीचा हप्ता आधी भरा, केळीच्या भावाची वाट बघू नका. यंदा आखाजीला येणं जमत नाही, रजा एकदाच मिळते, ती सोनूच्या लग्नाला ठेवली आहे. हळद लागेल तेव्हा मी विमानात असेन, पण लग्नाच्या सकाळी नक्की पोचते. आई, तेव्हा रडू नकोस. माझ्यासाठी आलेल्या भुसावळच्या स्थळाला अजून शब्द देऊ नका. मुलगा वाईट आहे असं मी म्हणत नाही, समोर बसून बोलल्यावर सांगेन. सोनूला म्हणावं शालू मनासारखा घे, पैसे मी देते.

तुमची,
बेबी