कौंडिण्य मस्कतला लागलं, आता रापणीची होडी शिवायला घ्या

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

१४ जानेवारी २०२६ ला कौंडिण्य मस्कतच्या बंदरात लागल्याची बातमी आपल्या अंकात वाचली आणि दोन दिवस कामात लक्ष लागलं नाही. २९ डिसेंबरला पोरबंदरहून निघालेलं हे आपल्या नौदलाचं जहाज. त्याला इंजिन नाही, आणि त्याच्या फळ्या खिळ्यांवर नाहीत, काथ्याच्या दोरीवर धरलेल्या आहेत. घरात मी ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली. ऐंशी पार केलेली आई ऐकत होती. तिने एवढंच विचारलं, "काथो कोणी वळलो?"

मी वेंगुर्ले तालुक्यातला सुतार. चौकटी, दारं, देव्हारे, कधी एखादं माजघराचं छप्पर, हे माझं काम. माझे वडील मात्र होड्या शिवायचे. 'बांधायचे' नाही, 'शिवायचे' हाच आमच्या घरातला शब्द. तेरेखोलची खाडी ओलांडून ते गोव्यातल्या पेडण्याच्या बाजूला जायचे आणि रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, होड्यांवर महिना महिना काम करून यायचे. त्यांच्या हाताखाली मी आठ-दहा वर्षांचा असल्यापासून भोकं पाडायचा सामता धरला. पुढे गोव्यात फायबरच्या होड्यांचं काम सुरू झालं, रोजंदारी चांगली होती, मी तिकडे गेलो. त्यांनी अडवलं नाही. याची खंत मला आजही आहे, म्हणून हे पत्र.

ज्यांनी शिवलेली होडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खिळ्याच्या होडीत साधारण आधी पठाण म्हणजे तळाचा कणा, मग वांक म्हणजे होडीच्या बरगड्या, आणि त्यांवर फळ्या ठोकतात. शिवणीच्या होडीत फळ्या आधी एकमेकींना जोडत जातात, होडीचा आकार त्या फळ्यांतूनच उभा राहतो, आणि वांक नंतर आत बसतात. दोन फळ्यांच्या कडा तासून अशा जुळवायच्या की मधून उजेड दिसता नये. दोन्ही कडांना समोरासमोर भोकं पाडायची. सांध्यावर आतून काथ्याची जाड वात ठेवायची आणि दोरी भोकांतून तिरपी नेत, परत फिरवत, फुल्या फुल्यांची ओळ घालायची. मग प्रत्येक भोकात लाकडाची बारीक खुंटी आणि काथ्या ठोकून ते बंद करायचं, वरून राळ आणि तेल. पाण्यात गेल्यावर लाकूड फुगतं, काथ्या फुगतो आणि सांधा स्वतःच मिटतो.

हे सगळं कशासाठी? लोखंड खाऱ्या पाण्यात गंजतं, हे एक कारण. आमच्या किनाऱ्यावर दुसरं कारण जास्त मोठं. रापणीची होडी बंदरात नांगरून ठेवायची नसते. ती रोज वाळूवरून पाण्यात ढकलायची, जाळ्याचा अर्धा फेर मारून परत फुटत्या लाटेतून वाळूवर आणायची. प्रत्येक वेळी तळ वाळूवर आपटतो. खिळ्याची होडी तिथे खिळ्यापाशीच चिरते. शिवणीची होडी लवते. लहानपणी मी होडीत बसून लाट येताना फळीवर हात ठेवायचो, फळी हाताखाली हलायची. मला भीती वाटायची. वडील म्हणायचे, "हलता म्हणान ऱ्हवता." हलते म्हणूनच टिकते.

कौंडिण्यची हकिगत मी मिळेल तिथून जमवली. अजिंठ्याच्या भिंतीवर पाचव्या शतकातल्या जहाजाचं चित्र आहे, त्यावरून हे जहाज उभं केलं. नकाशा नाही, मोजमाप नाही, नुसतं चित्र. जुलै २०२३ मध्ये संस्कृती मंत्रालय, नौदल आणि गोव्याची होडी इनोव्हेशन्स ही होड्या बांधणारी कंपनी यांच्यात करार झाला, सप्टेंबरात पठाण घातला. मद्रासच्या आयआयटीत नमुन्याच्या चाचण्या झाल्या. आणि प्रत्यक्ष शिवण घातली ती केरळच्या बाबू शंकरन यांच्या हाताखालच्या कारागिरांनी. फेब्रुवारी २०२५ मध्ये जहाज पाण्यात उतरलं, २१ मे २०२५ ला कारवारात नौदलात दाखल झालं. अजिंठा आमच्या राज्यातला, बांधणी आमच्या शेजारच्या गोव्यात, आणि हात केरळातून आणावे लागले. केरळच्या कारागिरांना माझा दंडवत आहे, त्यांनी कला जपली. पण आमच्या बाजूला ज्यांच्या घरात हे काम होतं, त्या घरांत आज काय उरलंय हे कोणी बघायला आलं नाही, हे मला लागलं.

काय उरलंय ते माझ्या घरापुरतं सांगतो. वडील शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होते. माझी मुलगी तेव्हा सातवीत. तिला त्यांनी फणसाच्या दोन हातभर फळ्या शिवून दाखवल्या, खाटेवर बसून, खाटेच्याच सुंभाने. ते फळकूट अजून माझ्या कारखान्यात भिंतीला टांगलेलं आहे. एका कडेला बावीस भोकं, फुल्यांची सरळ ओळ. आज बोटाने दोरी छेडली तर सतारीच्या तारेसारखी वाजते. कौंडिण्यची बातमी वाचल्यावर मी ते खाली काढलं, पुसलं, आणि त्याला तिसरी फळी शिवायची असं ठरवलं. भोकं पाडली. ओळ तशीच्या तशी उतरवली, फुली सारखी फुली. दिसायला फरक सांगता येणार नाही. मग बाजू लावून पाण्याच्या टाकीत ठेवलं. वडिलांच्या सांध्यातून थेंब आला नाही. माझ्या सांध्यातून पाणी आलं, तिसऱ्या भोकापासून शेवटपर्यंत.

पुन्हा सोडवून तीनदा शिवलं. प्रत्येक वेळी पाणी आलं, फक्त जागा बदलली. दोरी कुठून कुठे जाते ते मला माहीत आहे. पण ओढताना काथ्या किती ओला असावा, पहिल्या फेऱ्यात किती आवळायचं आणि परतीच्या फेऱ्यासाठी किती ताण राखायचा, पाचर कधी मारायची, हे मला माहीत नाही. वडील सांगायचे, "आदी काथ्याक बसान दी, मगे आवळ." किती वेळ बसू द्यायचं ते त्यांच्या बोटांना कळायचं. मी तेव्हा विचारलं नाही. चाळीस वर्षं रंधा मारलेला माणूस मी, लाकूड मला परकं नाही, तरी ही शिवण मला चित्र बघून आली नाही. जी घरात जन्मभर बघितली ती मला येत नाही, तर संग्रहालयात काचेमागे बघून कोणाला येईल?

एक गोष्ट परक्या मुलखातली सांगतो. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर कातड्याच्या होड्या असत, त्यांना करक म्हणतात. १९७६ साली टिम सेव्हरिन या दर्यावर्दीने जुन्या पद्धतीची तशी एक होडी केली. ओक आणि अॅशच्या लाकडाचा सांगाडा, चामड्याच्या वादीने बांधलेला, त्यावर ओकच्या सालीत कमावलेली बैलांची कातडी शिवलेली, आणि वर लोकरीची चरबी चोळलेली. ती होडी दोन हंगामांत अटलांटिक ओलांडून १९७७ साली न्यूफाउंडलंडला पोचली. वाटेत बर्फाच्या तुकड्याने कातडं फाटलं, तेव्हा खलाशांनी गार पाण्यात हात घालून बाहेरून कातड्याचं ठिगळ शिवलं आणि पुढे गेले. मुलीने मला हे मोबाइलवर वाचून दाखवलं तेव्हा मला वडील आठवले. शिवलेली वस्तू भर समुद्रात दुरुस्त करता येते, कारण सुई-दोरा जवळ असतो आणि येणारा हात होडीतच असतो. याच सेव्हरिनने १९८० साली ओमानात सूर इथे काथ्याने शिवलेलं मोठं जहाज करवून घेतलं, तेव्हा लाकूड मलबारचं नेलं आणि दोरी वळायला-शिवायला लक्षद्वीपची माणसं. म्हणजे पंचेचाळीस वर्षांपूर्वीसुद्धा जगाला हे हात शोधत आपल्याच किनाऱ्यावर यावं लागलं होतं.

कातड्याच्या होड्या आपल्याकडेही होत्या. हंपीला गेलात तर तुंगभद्रेत गोल टोपलीसारख्या होड्या दिसतील, कन्नडात हरिगोलू. डोमिंगो पाइस हा पोर्तुगीज सोळाव्या शतकात विजयनगरला आला होता. त्याने लिहून ठेवलंय की या होड्या आतून वेताच्या आणि बाहेरून चामड्याच्या, पंधरा-वीस माणसं बसतात, आणि त्या सरळ न जाता सारख्या गरगरतात. मी मुलीबरोबर तिथे गेलो तेव्हा बांबूची वीण तीच होती, चामड्याच्या जागी प्लास्टिक आणि डांबर आलं होतं. मला त्यात वाईट वाटलं नाही. काठावर एक तरुण मुलगा नवी टोपली विणत बसला होता, विशीचा असेल. त्याला हे का करतोस विचारलं तर म्हणाला, पुढच्या हंगामाला लागेल. एवढंच. लागेल म्हणून तो विणतो. मासेवाले त्यात बसतात, पर्यटक बसतात, वर्षा-दोन वर्षांत टोपली झिजते, नवी लागते. म्हणून तिथे विशीचा मुलगा आहे. आमच्याकडे पेडण्याच्या बाजूला मी महिनाभर विचारत फिरलो, तर शिवण येणारे एकच गृहस्थ भेटले. सत्तरी उलटलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू. बोटं मात्र अजून चालतात. त्यांनी माझं फळकूट हातात घेतलं, न बघता सांध्यावरून अंगठा फिरवला आणि वडिलांचं नाव घेतलं.

फायबरच्या होडीला मी नावं ठेवत नाही. ती हलकी, दरवर्षी सोडवून शिवावी लागत नाही, इंजिन सहज बसतं. मच्छीमाराने ती घेतली यात त्याची चूक काय? रापणच कमी झाली, पर्सिनने म्हणजे यांत्रिक बोटींच्या मोठ्या जाळ्यांनी किनाऱ्याचा मासा नेला. गोव्याच्या रांपणकारांनी सत्तरच्या दशकात त्यावर केवढं आंदोलन केलं ते आमच्या पिढीला माहीत आहे. राग आहे तो एका गोष्टीचा. काही वर्षांपूर्वी आमच्या वाडीतल्या रापण संघाला नवी होडी घ्यायची होती आणि त्यातल्या दोघा म्हाताऱ्यांना शिवणीचीच हवी होती. ते एका सरकारी कचेरीत मदतीसाठी गेले. तिथे सांगितलं की फायबर असेल तर अर्ज करा, लाकडाचं आता कोणी करत नाही. कोणी करत नाही म्हणून मदत नाही, आणि मदत नाही म्हणून कोणी करत नाही. त्या दोघांपैकी एक आज हयात नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. राज्याने आणखी एक मोठं जहाज करावं असं मी म्हणत नाही. मालवण, वेंगुर्ले आणि शेजारच्या पेडण्यात मिळून पाच रापणीच्या होड्या शिवून घ्या, छोट्याच. त्या प्रदर्शनात ठेवू नका, रापण संघांना वापरायला द्या. आपटू देत, झिजू देत. दर वर्षी त्या उघडून पुन्हा शिवाव्या लागतील, आणि त्यातच शिकणारा शिकेल. प्रत्येक होडीवर जुन्या शिवणकऱ्याच्या हाताखाली दोन मुलं ठेवा आणि त्यांना रोजंदारी द्या, आयटीआयच्या मुलाला मिळतं तसं प्रमाणपत्र द्या. बाबू शंकरन यांच्या माणसांपैकी कोणी दोन महिने आमच्याकडे येऊन राहिलं तर सोन्याहून पिवळं. आणि किनाऱ्याला लागून असलेली उंडीची झाडं रस्त्यासाठी, रिसॉर्टसाठी तोडायचं थांबवा. होडीचं लाकूड तिचं, उंडेल तेल तिचं, आणि वाळूत ती आपसूक उगवते. आमच्या किनाऱ्यावर मी लहान असताना ओळीने होती, आता हाताच्या बोटांवर मोजावीत एवढी.

माझ्याकडून काय देता येईल तेही लिहितो. माझा कारखाना मी द्यायला तयार आहे, भाडं नको. वडिलांचा सामता, वाकस आणि दोरी ओढायची काठी आहे. फणसाचे दोन ओंडके सावलीत वाळत पडले आहेत. ते सत्तरी उलटलेले गृहस्थ म्हणाले, डोळ्याचं ऑपरेशन झालं की येतो.

आणि आईच्या प्रश्नाला उत्तर म्हणून गेल्या आठवड्यात शंभर नारळांची सोडणं, म्हणजे वरच्या साली, आम्ही खाडीच्या चिखलात पुरली, वर दगड ठेवले. जागा तिनेच दाखवली, बांधावर खुर्ची टाकून बसली होती. काथ्याला सोडणं कुजायला आठ-नऊ महिने लागतात. म्हणजे ती दसऱ्याच्या सुमारास निघतील. वळायला ती शिकवणार आहे. त्याच्या आधी कोणी आलं तर बरं होईल.

आपला,
एक सुतार
ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग