मेनचा निकाल मतमोजणीच्या रात्रीच लावू नका

महोदय,

अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या निवडणुकीत मतमोजणीच्या रात्री जो आघाडीवर, तोच जिंकला असे आपल्या बातम्यांत धरले जाते. बहुतेक राज्यांत ते खपून जाते, मेनमध्ये फसगत होते. या राज्याच्या वाट्याला जागा दोनच, पण मतदान पसंतीक्रमाने: कोणालाच निम्म्याहून जास्त मते नसली तर मागे पडलेले उमेदवार बाद होतात आणि त्यांच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात.

२०१८ मधला दुसरा मतदारसंघ पाहा. पहिल्या पसंतीची मते अशी: रिपब्लिकन ब्रूस पोलिक्विन १,३४,१८४, डेमोक्रॅट जॅरेड गोल्डन १,३२,०१३, अपक्ष टिफनी बाँड १६,५५२ आणि विल होर ६,८७५. निम्म्याहून जास्त कोणालाच नाहीत. दोन्ही अपक्षांची मते एकत्र केली तरी गोल्डनच्या जवळपास जात नव्हती, म्हणून दोघे एकदमच बाद झाले. त्यांच्या २३,४२७ मतपत्रिकांपैकी १०,४२७ गोल्डनकडे गेल्या आणि ४,७४७ पोलिक्विनकडे. उरलेल्या ८,२५३ तिथेच संपल्या, कारण त्यांवर पुढची मोजण्याजोगी पसंतीच नव्हती. गोल्डन ३,५०९ मतांनी निवडून आले. पोलिक्विन न्यायालयात गेले, तिथेही हरले.

मतदान ६ नोव्हेंबरला झाले, निकाल लागला १५ ला. लहान गावांत मते हाताने मोजतात. दुसरी फेरी लागली की त्या मतपत्रिका राजधानी ऑगस्टाला आणून यंत्रातून काढाव्या लागतात. उशीर होतो तो यामुळे. त्यात संशय घेण्यासारखे काही नाही.

विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात ज्यांनी जांभळ्या स्केचपेनने १, २, ३ लिहिले आहे, त्यांना हे ओळखीचे वाटेल. नियम मात्र वेगळे आहेत. आपल्याकडे '१' लिहिला नाही की मत बाद. मेनमध्ये प्रत्येक पसंतीचा एक रकाना असतो आणि त्यात उमेदवारासमोरचे गोल रंगवायचे असतात. पहिल्या पसंतीचा रकाना कोरा राहिला तर दुसरी पसंती वर सरकते. लागोपाठ दोन रकाने कोरे सोडले किंवा एकाच रकान्यात दोघांचे गोल रंगवले, तर मतपत्रिका तिथेच थांबते. मत पक्के व्हावे म्हणून एकाच उमेदवाराचे सगळे गोल रंगवणारेही असतात. ते मत एकदाच धरले जाते आणि तो उमेदवार बाद झाला की पुढे द्यायला काही उरत नाही.

कोट्यातही, म्हणजे जिंकायला लागणाऱ्या मतांच्या आकड्यातही, फरक आहे. आपला कोटा वैध मतांच्या निम्मे अधिक एक, आणि तो शेवटच्या फेरीपर्यंत बदलत नाही. तिथे त्या-त्या फेरीत जिवंत असलेल्या मतपत्रिकांचे निम्मे पाहतात. आपल्या हिशेबाने कोटा १,४४,८१३ झाला असता आणि १,४२,४४० मतांचे गोल्डन त्याखालीच राहिले असते. तरीही निकाल फिरला नसता: आपल्याकडेही शेवटी एकच उमेदवार उरला तर कोट्याविना तोच विजयी.

आणखी एक घोळ टाळावा. मेनच्या गव्हर्नरच्या नोव्हेंबरमधील निवडणुकीत हा पसंतीक्रम चालत नाही. तिथे मेनच्या स्वतःच्या राज्यघटनेप्रमाणे सर्वाधिक मते मिळवणाराच निवडून येतो. त्यामुळे एकाच दिवशी, एकाच मतदान केंद्रावर मतदार दोन वेगळ्या पद्धतींनी मत देतात.

तेव्हा येत्या निवडणुकीत मेनचा तक्ता छापताना त्यावर 'पहिली फेरी' असे लिहावे. अंतिम तक्त्यात 'संपलेल्या मतपत्रिका' असा रकानाही द्यावा. तो नसला तर दोन्ही फेऱ्यांच्या बेरजा जुळत नाहीत आणि वाचकाला छापण्यात चूक झाली असे वाटते.

– एक वाचक, ठाणे